सोटो गेला, बरं झालं

१६ मे २०२५ च्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या यांकी स्टेडियमवर बेसबॉलपटू हुआन सोटो बॅट घेऊन पुढे आला आणि चाळीस हजारांहून अधिक लोकांनी हुर्यो उडवायला सुरुवात केली. मग तो क्षेत्ररक्षणासाठी राइट फिल्डमध्ये गेला. तिथल्या बाकांवर बसणाऱ्या कट्टर यांकीजवाल्यांनी उभं राहून त्याच्याकडे सरळ पाठ फिरवली. सोटोने त्याआधीच डोक्यावरचं हेल्मेट उंचावून प्रेक्षकांना नमस्कार केला होता. तो हसतही होता. ७६.५ कोटी डॉलरचा करार खिशात असला की हुर्यो तितकीशी बोचत नसावी.

गंमत अशी की सातच महिन्यांपूर्वी हीच माणसं त्याच्या नावाचा गजर करत होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये क्लीव्हलँडविरुद्ध दहाव्या इनिंगमध्ये त्याने तीन धावांचा होम रन ठोकला होता आणि यांकीज २००९ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले होते. त्याचा गुन्हा एवढाच की, डिसेंबरमध्ये करारमुक्त खेळाडू म्हणून त्याने त्याच शहरातल्या न्यूयॉर्क मेट्सची निवड केली.

तो गेला याचं यांकीजच्या चाहत्यांना दुःख व्हावं हे साहजिक आहे. पण खेळाडूने दगा दिला हा त्यांचा राग चुकीचा आहे, आणि तो गेल्यामुळे संघ उघड्यावर पडला हा त्यावेळचा समजही चुकीचाच ठरला. आधी समज पाहू, कारण त्याचा हिशेब आकड्यांनी होतो. सोटोसह यांकीजनी २०२४ चा मोसम ९४ विजय आणि ६८ पराभवांवर संपवला. सोटोविना २०२५ चा मोसम संपला तेव्हा पाटीवर होतं: ९४ विजय, ६८ पराभव. धावा मात्र ८१५ वरून ८४९ झाल्या. त्या वर्षी लीगमधल्या तीस संघांत इतक्या धावा कुणीच काढल्या नाहीत.

हे कसं घडलं हे समजायला ८ डिसेंबर २०२४ नंतरचे दोन आठवडे नीट बघावे लागतात. त्या रात्री सोटोच्या कराराची बातमी फुटली. पंधरा वर्षं, ७६.५ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये. खेळाच्या इतिहासात एवढा मोठा करार त्याआधी कुणाचाही नव्हता. यांकीज तरी कुठे मागे होते? त्यांनी सोळा वर्षांसाठी ७६ कोटी देऊ केले होते. स्टेडियममधला खासगी कक्ष फुकट द्यायला मात्र ते तयार नव्हते. आमचे बडे खेळाडू कक्ष हवा असेल तर पैसे मोजून घेतात, असं जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमन यांनी नंतर उघडपणे सांगितलं. एका कक्षावरून सोटो गेला, असं मानायला नको. पण मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन यांना पैशाची ददात नाही आणि हट्टाचीही नाही. सोटोचे एजंट स्कॉट बोरास यांना हे पुरतं ठाऊक होतं.

ज्या करारातून यांकीज सुटले, तो त्यांनी स्वतःच पुढे केला होता. तेव्हा पुढच्या शहाणपणाचं सगळं श्रेय त्यांना देता येत नाही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणावं, तसं झालं.

दोन दिवसांत त्यांनी डावखुरा पिचर मॅक्स फ्रीडला आठ वर्षांसाठी २१.८ कोटींवर घेतलं. डावखुऱ्या पिचरला मिळालेला तो तोवरचा सर्वांत मोठा करार. १३ डिसेंबरला मिल्वॉकी ब्रूअर्सकडून डेव्हिन विल्यम्स हा शेवटची इनिंग टाकणारा, म्हणजे बेसबॉलच्या भाषेत ‘क्लोजर’, अदलाबदलीत आणला. १७ तारखेला शिकागो कब्जकडून कोडी बेलिंजर. आणखी चार दिवसांनी पॉल गोल्डश्मिट, एका वर्षासाठी सव्वा कोटीवर. चौघांची सगळी बांधिलकी, बेलिंजरच्या करारातलं पुढचं ऐच्छिक वर्ष धरूनही, तीस कोटींच्या आत बसत होती. एका वर्षाचा खर्च पाहिला तर हे चौघे मिळून सोटोपेक्षा महाग पडले, हे लपवण्यात अर्थ नाही. फरक मुदतीचा होता. फ्रीड सोडला तर कुणाचंही ओझं दोन वर्षांपलीकडे जात नव्हतं. सोटो मेट्सच्या पगारपत्रकावर राहिला तर २०३९ पर्यंत राहील आणि त्या ऑक्टोबरमध्ये एक्केचाळीस वर्षांचा होऊन मोकळा झालेला असेल.

या खरेदीतली खरी अक्कल कळायला ३० ऑक्टोबर २०२४ ची रात्र आठवावी लागते. लॉस एंजलिस डॉजर्सविरुद्धचा वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. यांकीज ५-० ने पुढे. पाचव्या इनिंगमध्ये यांकीजच्या ॲरन जजच्या हातमोज्यातून सोपा झेल सुटला. शॉर्टस्टॉप अँथनी व्होल्पीची फेक चुकली. मग डॉजर्सच्या मुकी बेट्सने हळूच मारलेला चेंडू फर्स्ट बेसच्या दिशेने घरंगळत गेला आणि पिचर गेरिट कोल बेस झाकायला धावलाच नाही. डॉजर्सनी पाच धावा केल्या, पुढे सामना ७-६ असा जिंकला आणि चषकही नेला. त्या पाचांपैकी एकही धाव तांत्रिकदृष्ट्या कोलच्या खात्यावर लागली नाही. सगळ्या क्षेत्ररक्षणाच्या चुकांतून आलेल्या.

म्हणजे यांकीजचं दुखणं फलंदाजीत नव्हतंच. जज आणि सोटो ही जोडगोळी असताना ते कसं असणार? खिंडार होतं हातमोज्यांत, फर्स्ट बेसवर आणि पिचर्सच्या फळीत. बेलिंजर आउटफिल्डच्या तिन्ही जागा आणि फर्स्ट बेस सांभाळू शकतो. गोल्डश्मिट सदतीस वर्षांचा झाला होता, २०२२ चा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर असला तरी उताराला लागलेला. पण फर्स्ट बेसवर त्याचे हात अजून खात्रीचे होते. आणि फ्रीडची गरज किती होती हे मार्चमध्येच कळलं. कोलच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि तो अख्ख्या मोसमाला मुकला. फ्रीडने १९ सामने जिंकले, त्या वर्षी सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक. फलंदाजीची ताकद टिकवण्याचं काम जजने केलं. त्याने ५३ होम रन मारले आणि तिसऱ्यांदा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअरचा किताब घेतला.

बेलिंजरचे २९ होम रन अपेक्षेहून जास्त होते. त्याचे वडील क्ले बेलिंजर १९९९ आणि २००० च्या विजेत्या यांकीज संघात होते, त्यामुळे हे पोर त्या क्लबहाउसच्या वातावरणात वाढलेलं. याच माणसाला २०२२ च्या हिवाळ्यात डॉजर्सनी पुढचा करार न देता मोकळं केलं होतं, तेही तो २०१९ चा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर असताना. दुसरं नाव आणखी मजेशीर. सोटोला डिसेंबर २०२३ मध्ये सॅन दिएगोकडून आणलं तेव्हा सौद्यात जोडीला ट्रेंट ग्रिशम नावाचा आउटफिल्डर आला होता. बातम्यांत त्याचं नाव दुसऱ्या परिच्छेदात असायचं. २०२५ मध्ये त्याने ३४ होम रन मारले.

पण या हिवाळ्याचं कौतुक इथेच थांबवलं पाहिजे. विल्यम्सचा सौदा फसला. मोसमभर त्याची सरासरी नऊ इनिंगमागे ४.७९ धावा अशी राहिली. क्लोजरसाठी हा आकडा लाजिरवाणा आहे. शिवाय त्याच्या बदल्यात दिलेल्या दोघांपैकी केलेब डर्बिन हा चणीने लहान तरुण ब्रूअर्सचा नियमित थर्ड बेसमन झाला. आणि २०२५ च्या यांकीज संघात जागा कुठली रिकामी होती? थर्ड बेसचीच. ऑस्वाल्दो काब्रेराचा घोटा मे महिन्यात मोडला, जॅझ चिशमला सेकंड बेसवरून तिकडे हलवावं लागलं, आणि शेवटी जुलैत कोलोराडोकडून रायन मॅकमॅनला आणून भोक बुजवलं. डिसेंबरमध्ये ज्या जागेकडे कुणी बघितलं नाही, ती जागा भरायला जुलैत जास्त किंमत मोजावी लागते. बेसबॉलमध्ये हे दर वर्षी घडतं आणि दर वर्षी संघांना त्याचं आश्चर्य वाटतं.

विल्यम्सच्या निमित्ताने एक वेगळीच गोष्ट घडली. मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी १९७६ पासून खेळाडूंच्या दाढीवर बंदी घातली होती. मिशी चालेल, दाढी नाही. विल्यम्स दाढीवाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये जॉर्ज यांचे पुत्र हॅल स्टाइनब्रेनर यांनी नीट राखलेल्या दाढीला परवानगी दिली. दाढीपायी एखादा चांगला खेळाडू आपल्याकडे यायचा राहिला तर ते परवडणारं नाही, हा त्यांचा हिशेब. बापाने शिस्त म्हणून आणलेला नियम लेकाने बाजारापुढे मागे घेतला.

तारा गेला की पैसा वाटून टाका आणि संघ आपोआप सुधारेल, असं काही यावरून निघत नाही. यांकीजनीच हे आधी करून हात पोळून घेतले आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांचा सर्वोत्तम फलंदाज रॉबिन्सन कानो दहा वर्षांच्या, २४ कोटींच्या करारावर सिॲटलला गेला. तेव्हाही यांकीजनी चौघांवर पैसे ओतले: जकोबी एल्सबरी १५.३ कोटी, ब्रायन मॅकॅन साडेआठ कोटी, कार्लोस बेल्त्रान साडेचार कोटी आणि जपानहून आलेला मासाहिरो तानाका साडेपंधरा कोटी. २०१४ मध्ये संघाने ८४ सामने जिंकले आणि प्लेऑफ हुकला. तानाका पैसे वसूल करणारा निघाला. एल्सबरी २०१७ नंतर दुखापतींमुळे एकही सामना खेळला नाही. २०१९ मध्ये त्याला सोडून दिलं तेव्हा त्याचा करार संपलेलाही नव्हता.

दोन हिवाळ्यांतला फरक काय? २०१३ मध्ये यांकीजना एल्सबरीत कानोची भरपाई दिसली. सेकंड बेसमन जाण्याच्या बेतात असताना सेंटर फिल्डर आणला, कारण बाजारातलं दुसरं मोठं नाव तेच होतं. दुधाची तहान ताकावर भागवायला निघावं आणि ताकाचेही दुधाएवढे पैसे द्यावेत, असला तो व्यवहार. आणि तीस वर्षांच्या, पायांच्या वेगावर खेळणाऱ्या माणसाला सात वर्षं. २०२४ मध्ये सोटोच्या जागी दुसरा सोटो त्यांनी शोधलाच नाही. तसा दुसरा बाजारात नव्हता, हे त्यांचं नशीब.

ताऱ्याची नक्कल न शोधता खिंडारं बुजवली तर संघ सावरतो, याचा आणखी ठसठशीत पुरावा यांकीजच्या घराबाहेर सापडतो. टोरांटो ब्लू जेजनी आधी डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओहतानीसाठी आणि वर्षभराने सोटोसाठी जोर लावला. दोन्ही वेळा हात हलवत परत यावं लागलं. २०२४ मध्ये हा संघ आपल्या गटात तळाला होता. मग त्यांनी सेकंड बेससाठी आंद्रेस हिमेनेझसारखा उत्तम हातमोज्याचा माणूस आणला, वयस्क मॅक्स शर्झरला एक वर्षाचा करार दिला, आणि घरच्या व्लादिमीर गेरेरो ज्युनियरला पन्नास कोटी डॉलर मोजून चौदा वर्षांसाठी बांधून घेतलं. २०२५ मध्ये यांकीजइतकेच ९४ विजय मिळवून, आपसातल्या सामन्यांच्या जोरावर त्यांनी गट जिंकला. प्लेऑफमध्ये यांकीजना ३-१ ने घरी पाठवलं. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये ते विजेतेपदापासून दोन बाद दूर होते.

तिथे डॉजर्सच्या मिगेल रोहासने बरोबरी साधली आणि अकराव्या इनिंगमध्ये टोरांटो हरलं. इथे कुणी म्हणेल, शेवटी जिंकलं कोण? ओहतानीला ७० कोटी आणि योशिनोबू यामामोतोला ३२.५ कोटी देणारा संघच ना? बरोबर आहे. यामामोतो त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ओहतानीच्या सत्तर कोटींपैकी अडुसष्ट कोटी त्याला २०३४ पासून मिळायचे आहेत, त्यामुळे डॉजर्सकडे आज खर्चायला पैसा उरतो. हा मार्ग सगळ्यांना मोकळा आहे, फक्त त्यावर चालायला डॉजर्सएवढी टीव्हीची कमाई लागते. पण मेट्सचं काय? जूनच्या मध्यावर सगळ्या लीगमध्ये अव्वल असलेला हा संघ ८३ विजयांवर अडकला आणि शेवटच्या दिवशी मायामीकडून हरून प्लेऑफबाहेर गेला. त्यात सोटोचा दोष नाही. त्याने ४३ होम रन मारले, ३८ बेस चोरले. संघ ढासळला तो पिचिंगमुळे.

आता दगाबाजीच्या आरोपाकडे. सोटो सांतो दोमिंगोचा. सोळाव्या वर्षी वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला करारबद्ध केलं, एकोणिसाव्या वर्षी तो मोठ्या लीगमध्ये उतरला, २०१९ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकला. नियमाप्रमाणे मोठ्या लीगमधली पहिली सहा वर्षं खेळाडू क्लबच्या ताब्यात असतो. पंधरा वर्षं ४४ कोटी हा नॅशनल्सचा प्रस्ताव सोटोने नाकारला, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला सॅन दिएगोला पाठवलं. दीड वर्षाने सॅन दिएगोने त्याला न्यूयॉर्कला पाठवलं. या दोन्ही वेळा त्याला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा क्लबने दगा दिला, असं कुणी म्हणालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपण कुठे खेळायचं हे त्याने स्वतः ठरवलं, आणि त्यासाठी लोकांनी पाठ फिरवली.

हा हक्क कुणी दान दिलेला नाही. सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फिल्डर कर्ट फ्लड याला १९६९ मध्ये फिलाडेल्फियाला परस्पर देऊन टाकलं, तेव्हा त्याने जायला नकार दिला. माणूस म्हणजे खरेदी-विक्रीची वस्तू नव्हे, असं बेसबॉलच्या कमिशनरांना लिहून तो कोर्टात गेला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो ५-३ ने हरला. त्याची कारकीर्द तोवर संपलीच होती. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर सायट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचर्सच्या बाजूने निकाल दिला आणि खेळाडूला जन्मभर क्लबशी जखडणारी जुनी तरतूद कोसळली. मालकांनी सायट्झ यांना ताबडतोब काढून टाकलं. मग वर्षभराच्या आत रेजी जॅक्सन हा पहिल्या मोठ्या करारमुक्त ताऱ्यांपैकी एक कुणी पळवला? यांकीजनी. बाजाराचा सगळ्यात जास्त फायदा ज्यांनी लुटला, त्यांच्याच बाकांवरून आज बाजाराला शिव्या पडतात.

आयपीएल पाहणाऱ्याला हे सगळं थोडं उलटं वाटेल. आपल्याकडे लिलावात प्रत्येक संघाची थैली सारखी असते, नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दाहमधल्या लिलावात ती १२० कोटी रुपयांची होती, आणि बोली लागली त्या संघाकडे खेळाडूला जावंच लागतं. बेसबॉलमध्ये थैलीला मर्यादा नाही. ठरावीक रेषा ओलांडली की कर लागतो, आणि यांकीजसारख्या सराईत खर्चिकाला सगळ्यात वरच्या पायरीवर दर डॉलरमागे आणखी एक डॉलर दहा सेंट भरावे लागतात. पण निवड खेळाडूची. तरीही संघ बांधणाऱ्यांच्या चुका दोन्हीकडे सारख्याच दिसतात. २०२४ चं विजेतेपद मिळवून देणारा मुंबईकर कर्णधार श्रेयस अय्यर कोलकात्याच्या राखलेल्या खेळाडूंच्या यादीत नव्हता. पंजाबने त्याला पावणेसत्तावीस कोटी रुपयांना घेतलं आणि २०२५ च्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. कोलकात्याने वेंकटेश अय्यरवर पावणेचोवीस कोटी घातले आणि संघ आठवा आला.

२०२५ चा मोसम संपला आणि यांकीजसमोर पुन्हा तेच कोडं आलं. ग्रिशमने २.२ कोटी डॉलरची एक वर्षाची ‘क्वालिफाइंग ऑफर’ स्वीकारली. विल्यम्स गेला, तोही मेट्सकडेच. बेलिंजर करार मोडून बाजारात उतरला. त्याचे एजंट कोण? तेच बोरास. जानेवारी २०२६ मध्ये यांकीजनी त्याला पाच वर्षांसाठी १६.२५ कोटींवर परत घेतलं. वर्षभर जवळून पाहिलेला, चार जागा सांभाळणारा खेळाडू आहे, म्हणून निर्णय समजण्यासारखा आहे. पण सही करताना बेलिंजर तीस वर्षांचा होता, म्हणजे एल्सबरी होता तेवढाच. पहिली दोन-तीन वर्षं पैसे वसूल होतील, उरलेली वर्षं यांकीज नाइलाजाने निभावतील, असाच हा सौदा दिसतो. आणि थर्ड बेसवर अजूनही मॅकमॅनच उभा आहे, बॅटपेक्षा हातमोज्यासाठी ओळखला जाणारा. जुलै उजाडला की कॅशमन पुन्हा फोन फिरवायला बसले तर नवल नाही.